सत्तरी तालुक्यातली बोलेरो आणि डिफरन्शियलमधलं पाणी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या गॅरेजात गाड्यांची रांग लागते, कारण पावसाळाभर लोक गाडी तशीच दामटतात आणि मग सगळ्यांना एकदम जाग येते. त्याच गडबडीत वाळपईच्या पुढच्या एका काकांचा फोन आला. बोलेरो, चाळीसच्या वर गेली की मागनं हूंऽऽ असा आवाज, आणि ॲक्सिलरेटर सोडला की तोच आवाज बदलतो. कोणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं की क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी, गेलं, अख्खा सेट टाकायला लागेल, तो आकडा ऐकून काकांनी गाडी सरळ अंगणात उभी करून ठेवली. म्हणाले, गिअरचं आणि मागचं दोन्ही ऑइल मी आणून ठेवलंय, तू ये आणि मला दाखव कसं करतात, पुढच्या वेळी माझं मी करीन.

गेलो. बोलेरोचं एक बरं असतं, खाली उंची एवढी आहे की जॅक न लावता माणूस आत सरकतो, आणि गाडी चारी चाकांवर सपाट असली तरच ऑइलची लेव्हल बरोबर कळते. काकांचं अंगण शेणानं सारवलेलं, म्हणून आधी जुनी ताडपत्री मागून घेतली.

ऑइलचा डबा बघितला तर एकच, ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५. यातला १४० हा जाडीचा नंबर आणि जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा. काकांचं गणित सोपं, जीएल-४ पेक्षा ५ मोठा म्हणजे ५ चांगला, दोन्हीकडे तेच घालू. म्हटलं काका, मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीत, जीएल-५च हवं, तिथे दाते एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना गंधकवालं कडक ऑइल लागतं, त्या ऑइलला वास पण तसाच येतो. पण गिअरबॉक्सात गिअर अलगद जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात, काही जीएल-५ ऑइल त्या पितळेला खातात आणि मग गिअर टाकताना खर्रर्र सुरू होतं. दोन्हीला चालणारी ऑइलंही मिळतात, पण डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आणि १४० नंबर तर गिअरबॉक्सला भलताच जाड, सकाळी गिअर पडताना हाताला कळेल. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घालायचं, दुकानदार म्हणतो ते नाही. गिअरबॉक्सचं ऑइल मी बरोबर नेलं होतं, ते काम चटकन उरकलं. जुनं निघालं ते नुसतं काळसर होतं, वाईट काही नाही.

मग मागे वळलो. काकांनी कुठेतरी वाचलेलं की आधी गाडी फिरवून ऑइल गरम करायचं म्हणजे सगळं सुटतं. बरोबर आहे, एरवी मी पण तेच करतो. पण ही गाडी किती दिवस हललेली नव्हती आणि मला एक शंका होती, म्हणून म्हटलं चावी राहू द्या. तेवढ्यात काका पाना घेऊन खालच्या, ऑइल सोडायच्या ड्रेन प्लगला लागले पण! थांबवलं त्यांना. आधी वरचा, ऑइल भरायचा फिल प्लग सुटतो का बघायचं, नेहमी. खालचं सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच, ना हलता येत ना भरता येत. इथलाही घट्ट बसलेलाच होता, गंज सोडवायचा स्प्रे मारून चहा घेईपर्यंत थांबलो, मग पान्याला पाईप लावून सोडवला.

ड्रेन प्लग मी पूर्ण काढला नाही, हळूहळू नुसता ढिला केला, आणि पहिलं जे टपटप पडलं ते पाणी. चक्क पाणी, थोडं गढूळ, गंजाच्या रंगाचं. काका वाकून बघतायत, "हें कितें रे?" पाणी ऑइलपेक्षा जड, गाडी उभी राहिली की तळाला बसतं, मला तेच बघायचं होतं. फिरवून आणली असती तर सगळं घुसळून एकजीव झालं असतं. पाण्यामागून आलं ते दुधाळ, कॅन्टीनच्या चहासारखं. प्लगच्या लोहचुंबकावर काळा लेप होता, तो बोटांत चोळून बघितला, लोण्यासारखा मऊ. तसा लेप सगळ्याच गाड्यांत येतो. दात्याचा तुकडा किंवा टोचणारी कपची असती तर मग त्या सेटवाल्याचं खरं म्हणावं लागलं असतं.

काकांना विचारलं, पाण्यातनं गाडी घातली होती का. तर पावसात घरासमोरचा कॉजवे, म्हणजे बुटका पूल, बुडाला होता, दोन-तीनदा तसंच काढली म्हणे, चाकं बुडेपर्यंत. पण खरा घोळ वर होता. हाऊसिंगवर छोटा ब्रीदर असतो, आतली हवा बाहेर-आत करायला. तो तांबड्या मातीनं आणि ग्रीसनं पार बुजलेला, तारेनं टोकरून काढायला लागला. चालून गरम झालेलं हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद म्हटल्यावर ती कुठूनतरी ओढणारच, मग ऑइल सीलच्या कडेनं पाणी आत खेचलं जातं. हे पटलं तेव्हा काका जरा गप्पच झाले. इथे लोक किलोमीटर मोजून ऑइल बदलतात, आमच्या सत्तरी-डिचोलीत मी म्हणतो कॉजवे मोजा, पाण्यातनं गाडी गेली की प्लग उघडून बघा.

थोडं स्वस्तातलं ऑइल घालून मागची चाकं घोडीवर (स्टँडवर) उचलून फिरवली, ते सोडलं, तरी किंचित दुधाळ आलं म्हणून परत एकदा. मग गाडी खाली सपाट घेऊन काकांचंच १४० भरलं, फिल प्लगच्या भोकातनं बाहेर ओघळेपर्यंत, त्याच्यापुढे नाही. दोन्ही प्लगना नवे वॉशर. वाळपईपर्यंत फिरवून आणली, आवाज बराच कमी, पण गेला नाही, साठच्या आसपास बारीक ऐकू येतोच. पिनियनच्या बेअरिंगला गंजाचे डाग पडले असणार, ते करावं लागेल, तसं काकांना साफ सांगितलं. पण बेअरिंग-सील आणि पूर्ण सेट यांच्या खर्चात फरक किती ते त्यांना कळत होतं. महिनाभर चालवून ऑइल परत बघायचं ठरलं.

निघताना शेजारचा आला, ते जुनं ऑइल मला द्या, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतो. दिलं नाही. त्याचे खांब विहिरीला लागूनच आहेत, मी येतानाच बघितले होते. कॅनमध्ये भरून परत गॅरेजला आणलं, तिथे जुनं ऑइल नेणारा येतो, पाणी मिसळलेलं म्हणून त्याने भाव पाडला ते वेगळं.