टेस्टचे मार्क का धरत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"काऊन सर, टेस्टमध्ये नव्वद पडले, तरी पोराला घेतलं नाही?" नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ आमचं वेबसाइट बनवायचं लहानसं ऑफिस आहे. मुलाखती झाल्या की कुणाच्या तरी वडिलांचा हा फोन ठरलेला. दर वेळी मी गुळमुळीत काहीतरी बोलतो.

भरतीच्या या ऑनलाइन टेस्ट विचारतात काय? जावास्क्रिप्ट या वेबसाइटच्या भाषेत 'टाइपऑफ नल', म्हणजे 'काहीच नाही'चा प्रकार कोणता, असं लिहिलं तर काय येतं? 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू. मुळात ती भाषेतलीच सुरुवातीची चूक. जुन्या साइट मोडतील म्हणून तशीच ठेवलेली. पाठ केलं की मार्क. एचटीएमएलचं, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेचं, स्टँडर्ड कोण ठरवतं? उत्तर अजून डब्ल्यूथ्रीसी, वेबचे नियम ठरवणारी संस्था. २०१९ मध्ये करार होऊन ते काम व्हॉट-डब्ल्यूजी या ब्राउझरवाल्या कंपन्यांच्या गटाकडे गेलं, हे टेस्टवाल्यांच्या गावीही नाही.

आधीच्या कंपनीत कटऑफ टेस्टवरच होता. उमरेडची एक मुलगी एका मार्कानं राहिली. प्रश्न होता, नुसत्या सजावटीच्या चित्राच्या 'ऑल्ट'मध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, काय लिहाल? तिनं 'रिकामं ठेवू' निवडलं. टेस्टच्या मते 'चित्राचं वर्णन'. ती लॅपटॉप घेऊन आली, एका दवाखान्याचं पान उघडलं आणि एनव्हीडीए सुरू केलं. अंध माणसांना स्क्रीन वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फोन नंबर यायच्या आधी ते वाचत सुटलं, "ग्राफिक, निळी नक्षी. ग्राफिक, निळी नक्षी." तिनं सगळे ऑल्ट रिकामे केले, पान रिफ्रेश केलं. थेट नंबर.

मी एचआरकडे गेलो. म्हणाले, टेस्ट विकत घेतलेली आहे, उत्तरं आपल्याला बदलता येत नाहीत. तिला तेच सांगितलं. "मग सर, माहीत असून चुकीचं लिहायचं होतं का?" काय बोलणार?

मी टेस्टच्या विरोधात नाही हो. ती टेस्ट आणा म्हणून तिथे मीच भांडलो होतो, कारण त्याआधी भरती म्हणजे कुणाचा भाचा, कुणाचा साळा. तो मुद्दा मला आजही खोडता येत नाही. टेस्टला आडनाव दिसत नाही, मला दिसतं.

आता आम्ही बिघडलेलं पान देतो, नीट करायला सांगतो, गूगल करायची मोकळीक. यात माझी आवडनिवड शिरते असं म्हणाल, तर म्हणा. परवा एकानं पान चोख चालवून दाखवलं, पण कोड असा गचाळ की मी नाही म्हटलं. भागीदार म्हणतो, चालतंय ना, मग घे. अजून आमचं ठरलेलं नाही.