सा नसलेली नऊ मिनिटं

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज क्लासला पेटीने दगा दिला. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी. यमन जरा कुठे लागत होता तोच तिचा पंचम घसरायला लागला. बाईंनी एकदा खुंटी फिरवून पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली, आणि एक अक्षर न बोलता तिची वायर काढली. मग कोपऱ्यातला खरा तानपुरा गवसणीतून बाहेर आला. तो जुळेपर्यंत वीस मिनिटं गेली, गायला दहा उरली. तक्रार कुणीच केली नाही.

घरी येताना बसमध्ये डोक्यात हेच. यंत्राने वाद्याची नक्कल करायची, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वाटतही नाही. पण वाद्यांनी यंत्राचं काही उचललं तर? आणि हंगेरियन संगीतकार लिगेती आठवला.

त्याचं 'आत्मोस्फेर' हे नऊ मिनिटांचं संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते हॉस्टेलमध्ये, नकळत. कुणीतरी क्युब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' आणला होता. सुरुवातीला पडदा काळाच, नुसता एक आवाज पसरलेला. "फाईल करप्ट आहे," असं एकमताने ठरवून आम्ही पुढे पळवली. नंतर कधीतरी कळलं की तो अंधार मुद्दामच ठेवलेला होता. आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे तो आवाज सिंथेसायझरचा नव्हता. व्हायोलिन, बासऱ्या, शिंगं. प्लगला लावलेलं एकही वाद्य नाही.

हंगेरीतला उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला आणि १९५६ च्या डिसेंबरात ग्यॉर्गी लिगेती सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आला. १९५७ मध्ये कोलोनला, पश्चिम जर्मन रेडिओच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत. तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे आजच्यासारखा लॅपटॉप नव्हे. एकेक सूर यंत्रातून काढायचा, टेपवर घ्यायचा, टेप हव्या त्या लांबीची कापायची, चिकटवायची, थरावर थर चढवायचा. महिनोन् महिने खपून हातात काही मिनिटांचं संगीत. तिथे गोटफ्रीड मिखाएल क्योनिग या सहकाऱ्याचं काम जवळून बघताना त्याला एक गोष्ट कळली. टेपचे तुकडे इतके छोटे केले की एकेक सूर सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळ वाजतो, तर कोणता आधी आणि कोणता नंतर हे कानाला सांगता येत नाही. चाल विरघळते आणि नुसता रंग उरतो.

आता एकटा वादक काही सेकंदाला वीस सूर सफाईने काढू शकत नाही. पण पन्नास जणांना थोडं थोडं मागेपुढे सोडलं तर? मला ही उडी फार आवडते. माणसांना यंत्र कसं बनवायचं हा प्रश्नच नाही त्यात. यंत्राने कानाबद्दल जे सांगितलं ते घेऊन तो माणसांकडे परत आला.

यात एक गंमत आहे. 'आत्मोस्फेर' हे नाव त्याने आधी टेपवरच्याच एका रचनेला दिलं होतं. ती त्या काळच्या यंत्रांना झेपली नाही, एवढे थर एकमेकांशी अचूक जुळवणं जमेना. ती अखेर १९९६ मध्ये पूर्ण झाली. नाव मात्र तोवर ऑर्केस्ट्राकडे गेलं होतं. २२ ऑक्टोबर १९६१, जर्मनीतल्या दोनाउएशिंगेनचा संगीत महोत्सव, ऑर्केस्ट्राचा संचालक हान्स रोसबाउड समोर उभा. ५६ तंतुवादक, आणि प्रत्येकाची ओळ वेगळी लिहिलेली. एके ठिकाणी त्यातले ४८ जण एकाच चालीत एकामागून एक शिरतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातली एकही चाल ऐकू येत नाही! तालवाद्य नाही. पियानो आहे, पण पट्ट्यांवर हात न ठेवता त्याच्या तारांवर ब्रश फिरवायला.

आज दिवा घालवून, हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. सुरुवातीला सुमारे पाच सप्तकांच्या पट्टीतले सूर एकदम, पण अगदी हळू. मग त्यातून एकेक गट गळत जातो, जसं खोलीतून माणसं न सांगता उठून जावीत. पुढे पिकोलो, म्हणजे छोट्या बासऱ्या, इतक्या वर चढतात की कानात टोचतं, हेडफोन काढावेसे वाटतात. आणि तिथून खाली एकदम कोसळून आठ डबल बास, व्हायोलिनच्या घराण्यातली सगळ्यात खर्जातली वाद्यं. मी दचकले. दरवेळी दचकते, माहीत असून.

यांनी मधेच खोलीत डोकावून विचारलं, "फ्रिज असा का वाजतोय?" हेडफोनमधून बाहेर जेवढं गळलं त्यावरून तो अंदाज फारसा चुकीचा नव्हता.

त्या ५६ मधल्या एखाद्या मागच्या रांगेतल्या व्हायोलावाल्याचा विचार येतो. घरी बसून त्याने आपली ओळ पक्की केली असणार. त्याने चूक केली तर कुणाला कळणार नाही, बरोबर वाजवली तरी कळणार नाही. तरी ती वाजवायची. टेपच्या तुकड्याला हे कुठे करावं लागतं?

शनिवार

आज क्लासनंतर बाईंना ऐकवलं. धाडसच होतं. पेटी अजून दुरुस्तीलाच आहे, म्हणून तानपुरा जुळलेलाच पडला होता. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. मला वाटलं दोन मिनिटांत "पुरे" म्हणतील. सगळी नऊ मिनिटं ऐकलं. पिकोलोंपाशी कपाळाला आठी पडली, बासपाशी मान किंचित हलली.

संपल्यावर पहिला प्रश्न, "यात सा कुठला?"

म्हटलं, "नाहीये. मुद्दाम नाही ठेवला. सगळेच सूर एकदम आहेत."

बाईंनी हात लांबवून तानपुऱ्याची खरजाची तार एकदा छेडली, ती विझेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग ते सगळे टेकतात कशावर?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनीही थांबून वाट पाहिली नाही. "पुन्हा एकदा लाव," म्हणाल्या. "त्या खाली पडतात ना, तिथून."