आईच्या मांडीतला रॉड आणि पुरात गेलेला कागद

एमआरआयच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: शरीरात धातूची वस्तू आहे का? आम्ही खरं ते लिहिलं, ‘डाव्या मांडीत रॉड’, आणि तिथेच अडकलो. पुढचे अठरा दिवस आई कळा सोसत राहिली.

कमरेतून निघालेली कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. रात्री कूस बदलता यायची नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण दोन मणक्यांमधली गादी आणि शेजारून निघणारी नस दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला.

रॉड २०११चा. चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, कराडला ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्ड आणि त्यावरचा रॉडचा स्टिकर पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या खणात ठेवला होता. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि तो खण चिखलाने भरला.

काउंटरवरच्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, कागद आणा, मग बघू.” पुरात गेलेला कागद आणायचा कुठून? दुसऱ्या खेपेला मांडीचा एक्स-रे काढून नेला. रॉड लख्ख दिसत होता, पण तो स्टीलचा की टायटॅनियमचा, हे त्यावरून सांगता येईना. पुन्हा “कागद आणा”. आई बाकावर एका अंगाला कलून बसलेली, सकाळपासून उपाशी. (इंजेक्शन द्यायचं नसेल तर कमरेच्या एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही. हेही आम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही.)

नियमावर माझा राग नाही. ते मशीन म्हणजे दीड टेस्लाचा चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो. पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप किंवा डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण असेल तर जिवावर किंवा दृष्टीवर बेतू शकतं. राग आहे तो याचा, की निर्णय ज्यांनी घ्यायचा त्या रेडिऑलॉजिस्टपर्यंत, म्हणजे तपासणीची चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत, आमचं म्हणणं कुणी पोचवलंच नाही.

शेवटी पहाटेच्या एसटीने कुंभार्ली घाट चढून कराड गाठलं. तिथल्या रेकॉर्ड रूममधल्या मावशींनी दोन तास जुनी रजिस्टरं उपसली. ऑपरेशनच्या नोंदीत कंपनीचं नाव होतं आणि धातू होता टायटॅनियम. सही-शिक्क्याचं पत्र हातात पडलं तेव्हा मला रडू आलं.

तिसऱ्या खेपेला पत्र काउंटरवर दिलंच नाही. रेडिऑलॉजिस्ट मॅडमना भेटल्याशिवाय हलणार नाही, असं मी म्हणाले. त्यांनी पत्र वाचलं, तारीख बघितली. “मांडी कमरेपासून लांब आहे, चित्र बिघडणार नाही. हाडातले स्टीलचे रॉडसुद्धा बहुतेक वेळा चालतात. मला आधीच विचारायचं ना!” पाच मिनिटांचं काम. तेव्हा कागद नसेल तर पहिल्याच दिवशी रेडिऑलॉजिस्टला भेटायचा आग्रह धरा. आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे लगेच फोन करा. तो मी दहा दिवस आधी करायला हवा होता.

मंगळसूत्र, पिना, कानातलं घरीच काढून ठेवा. सोबतच्या माणसाच्या खिशातल्या किल्ल्याही आत न्यायच्या नाहीत. आवाज फार मोठा होतो, कानात घालायला बोळे मागून घ्या.

मॅडमनी स्क्रीनवर आईचा कणा दाखवला. त्या चित्रात जिथे पाणी जास्त तिथे पांढरं दिसतं. वरच्या गाद्या पांढुरक्या होत्या, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली काळी पडून मागे सरकलेली. आपल्याकडे म्हणतात ‘मणक्यात गॅप पडली’. असतं उलट: गादीतलं पाणी कमी होऊन ती बसते, मणके जवळ येतात, आणि बाहेर आलेला भाग नस दाबतो. आई बोटाने अंगठ्यापर्यंत जी रेघ दाखवायची, ती त्याच नसेची वाट होती.

आता व्यायाम सुरू आहेत, कळ बरीच कमी आहे. कराडचं पत्र लॅमिनेट केलंय, फोटो तिघांच्या फोनमध्ये आहे. पत्र मात्र माळ्यावर ठेवलंय, पुराचं पाणी जिथवर चढलं होतं त्या खुणेच्या दोन हात वर.