सातवीची रबरबँडची गाडी

पलूस तालुक्यातल्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. ‘गती, बल व कार्य’ हा धडा मुलांचा पाठ व्हायचा, पण चाल आणि वेग यांतला फरक विचारला की वर्ग गप्प. म्हणून यंदा रबरबँडवर चालणारी गाडी करायला घेतली. अट एकच: धक्का न देता व्हरांड्याच्या फरशीवर ३ मीटर गेली पाहिजे.

सुरुवात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून बनवलेल्या जीपच्या गोष्टीपासून केली. २०२१ साली ती सगळीकडे गाजली होती. ती दुचाकीसारखी किकने सुरू होते, हे एका मुलाने मला सांगितलं!

सामान गावातलंच. लग्नाच्या शूटिंगच्या जुन्या सीडी, बाटल्यांची झाकणं, बांबूच्या काड्या, स्ट्रॉ. पहिल्या दिवशी एकही गाडी धड चालली नाही. झाकणाला भोक अंदाजाने पाडलेलं, त्यामुळे चाकं डगमगत होती. मी सांगणारच होते, तेवढ्यात एका मुलीने झाकण कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली, तो कागदाचा गोल कापून दोनदा दुमडला आणि घड्या जिथे छेदल्या तिथे दाभण टोचलं.

मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुलं रबराला आणखी पीळ द्यायची, चाकं आणखी घसरायची. दोन तास यातच गेले. मी ते जाऊ दिले आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. घरी बैलगाडी असलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, आखाला वंगण घालत्यात. हितं चाकाला त्याच्या उलटं पायजे, धरून ठेवणारं.” पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणली, पट्ट्या कापून मागच्या सीडींच्या कडेला चढवल्या. गाडी सुटली ती थेट ऑफिसच्या दारापर्यंत. घर्षणावर मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

एका गटाचा आख तिरका बसला होता, त्यांची गाडी वळत जायची. मुलं ती नीट करायला निघाली, मी थांबवलं. तिच्या वाटेवर सुतळी अंथरून मोजलं तर ४ मीटर. निघाली तिथून पोचली तिथपर्यंत सरळ मोजलं तर अडीच. वेळ तोच. भागाकार दोन, उत्तरं दोन. “म्हणजे पहिली चाल आणि दुसरा वेग,” मागून आवाज आला.

आता त्यांना गाडी शाळेच्या दारातल्या चढावर न्यायची आहे. दोन रबर लावले की पुढची चाकं उचलली जातात. पुढे वजन किती ठेवायचं, यावर सध्या वाद चालू आहे.