त्या मुलाचं पुढं काय झालं?

गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांना ताण नको म्हणून महिनाभर मीच तिला वाचून दाखवत होते. कुठलं पुस्तक घेऊ असं विचारल्यावर ती म्हणाली, "ती अ‍ॅना कारेनिना घे. तुझ्याकडं कधीची पडलीय." मी थबकले. आमच्या घरात जे घडलं त्यानंतर तो विषय आम्ही दोघींनी फार जपून बाजूला ठेवला होता. पण तिनं उशी पाठीशी लावून घेतली होती. मग मी इंग्रजी पुस्तक समोर धरून मराठीत सांगायला लागले.

टॉलस्टॉयची ही कादंबरी सुरू होते ती अ‍ॅनापासून नाही, तिच्या भावापासून. मुलांना शिकवायला पूर्वी घरात असलेल्या फ्रेंच बाईशी स्तीवाचं प्रकरण असतं आणि ते बायकोला कळलेलं असतं. त्याला शिक्षा काय, तर तीन रात्री अभ्यासिकेतल्या सोफ्यावर झोपायचं. त्याच्या बायकोची समजूत घालायला अ‍ॅना आगगाडीनं मॉस्कोला येते, आणि त्याच स्टेशनवर तिची आणि व्रॉन्स्कीची, म्हणजे ज्याच्या प्रेमात ती पुढं पडते त्याची, पहिली भेट होते. आईनं मला थांबवलं. "म्हणजे भावाचं मिटवायला बहीण आली. उद्या बहिणीचं मिटवायला कोण येणार?"

मी १९८७ साली अकरा वर्षांची होते. फोन वाजायचा, मी उचलला की कट व्हायचा. बाबा म्हणायचे, राँग नंबर असेल. थोड्या वेळानं ते चप्पल घालून सिगारेट आणायला जायचे आणि तासभर यायचे नाहीत. आईनं विचारलं की म्हणायचे, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." हे तीन वर्षं चाललं. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर आई बाबांचा शर्ट उजेडाकडं धरून बघत होती. मला पाहिल्यावर तिनं तो घाईनं घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "बटण निघालंय का बघत होते." सगळी बटणं जागच्या जागी होती, ते मला दारातूनही दिसत होतं. पण मीही तिला हो म्हणाले.

व्यभिचार वाईट का, असं कुणी मला विचारलं तर मी पावित्र्याबद्दल बोलणार नाही. माझ्या आईला तीन वर्षं वाटत होतं की आपलं डोकं ठिकाणावर नाही. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास एका माणसानं, रोज तिच्याच हातचं जेवून, काढून घेतला. दोन माणसांनी एकमेकांवर प्रेम केलं, यापेक्षा मला ते फार मोठं पाप वाटतं.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्द किती आहेत बघा. पुरुष बाहेरख्याली असतो, रंगेल असतो, त्याचं 'बाहेर आहे', फार तर त्यानं शेण खाल्लं. म्हणजे त्यानं काहीतरी केलं, तोंड धुतलं की संपलं. बाईचं पाऊल वाकडं पडतं, ती तोंड काळं करते, आणि मग ती कुलटाच होते, आख्खी. ज्या बाईला ठेवली तिला तर अंगवस्त्र म्हणायचे. खांद्यावर टाकायचं, नको तेव्हा खुंटीला अडकवायचं. लहानपणी मावशीच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरंच वाटलं होतं की बाबांनी कुणाचं तरी कापड आणलंय.

मावशीचाच विषय निघाला म्हणून सांगते. सगळं फक्त आईलाच माहीत होतं तोवर ती राहिली. मावशी एका दुपारी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे, तू कुणापासून लपवतेस?" त्यानंतर आठ दिवसांत आम्ही दोघी घराबाहेर होतो. हे मला कितीतरी वर्षं उमगत नव्हतं. मग फाँटाने या जर्मन लेखकाची १८९५ मधली कादंबरी 'एफी ब्रिस्ट' वाचली. नवऱ्याला बायकोची जुनी पत्रं सापडतात. प्रकरण संपून सहा वर्षांहून जास्त काळ लोटलेला असतो. त्याच्या मनात सूड नाही, बायकोवर त्याचं प्रेम आहे, हे तो स्वतः मित्राला सांगतो. पण सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आता दुसऱ्या एकाला हे ठाऊक आहे, आता मागं फिरता येणार नाही. तो द्वंद्वात त्या माणसाला मारतो आणि एफीला घराबाहेर काढतो. मित्राला सांगितलं नसतं तर? मावशी त्या दुपारी आली नसती तर? मला मावशीचा राग नाही. पण आईच्या दुःखाचा निकाल आईनं लावला नाही, तो साक्षीदारानं लावला, हे मला आजही टोचतं.

आई वकिलाकडंही गेली होती. भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ तेव्हा जिवंत होतं, पाच वर्षांपर्यंत कैद होती. पण तो गुन्हा व्हायचा फक्त दुसऱ्याच्या लग्नाच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवल्यावर, आणि तक्रारीचा हक्क त्या नवऱ्याला. बाबांची ती बाई अविवाहित होती. म्हणजे गुन्हाच नाही. आणि असता तरी माझी आई त्या कायद्यात कुठंच नव्हती. ज्याचं काही चोरीला गेलं असं कायदा मानायचा तो दुसरा नवरा, माझी आई नव्हे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं होतं. निकाल सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांचा होता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते रद्द केलं, आणि त्या पाचांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. त्या संध्याकाळी कितीतरी लोक म्हणत होते, आता मोकाट सुटले सगळे. मला तसं वाटलं नाही. घटस्फोटाला ते कारण आजही आहेच. बायको कुणाच्या तरी मालकीची नाही एवढं तरी त्या दिवशी लिहून ठेवलं गेलं, याचं मला समाधान वाटलं, आणि आईला फोन करून मी सांगितलंही. ती म्हणाली, "बरं झालं." पुढं काही नाही.

या जुन्या कादंबऱ्यांमधल्या बायका मरतात. अ‍ॅना रेल्वेखाली, फ्लोबेरची एमा बोव्हारी विषानं, एफी झिजून झिजून. वाचणारे ते मरण लक्षात ठेवतात. मला मात्र मुलं दिसतात. एमाची लहानगी बेर्त आईबापांमागं एका गरीब नातेवाईक बाईकडं जाते आणि ती बाई तिला पोटासाठी सूतगिरणीत कामाला पाठवते. फ्लोबेर हे शेवटाला दोन ओळींत सांगून टाकतो. एफीची मुलगी आईला भेटायला येते आणि आईच्या प्रत्येक प्रश्नाला पढवलेल्या पोपटासारखं तेच ते उत्तर देते, परवानगी मिळाली तर. 'मादाम बोव्हारी'मुळं फ्लोबेरवर १८५७ मध्ये नीतिमत्तेच्या नावानं खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. बेर्तची काळजी मात्र त्या खटल्यात कुणाला असेलसं वाटत नाही.

वाचता वाचता आम्ही पाचव्या भागात आलो. अ‍ॅनाच्या मुलाला, सेऱ्योझाला, आई मेली असं सांगितलेलं असतं. त्याच्या वाढदिवशी अ‍ॅना सकाळी लवकर चोरून त्या घरात शिरते, झोपेतल्या मुलाला जवळ घेते, आणि नवरा येतोय म्हटल्यावर घाईघाईनं निघते. आदल्या दिवशी दुकानात एकेक करून निवडलेली खेळणी तिच्याजवळच राहतात. ती तशीच परत नेते.

आई बराच वेळ गप्प होती. मी पान उलटलं तर म्हणाली, "थांब. त्या मुलाचं पुढं काय होतं गं?"

मी सांगितलं. सातव्या भागात त्याचा मामा, तो स्तीवाच, त्याला विचारतो, आई आठवते का. मुलगा लाल होतो आणि पटकन म्हणतो, नाही.

"तुलाही आत्यांनी विचारलं होतं," आई म्हणाली. "त्या एकदा शाळेत भेटायला आल्या होत्या ना तुला. बाबा आठवतात का म्हणून. मला त्यांनी नंतर सांगितलं. पण तू काय म्हणालीस ते काही सांगितलं नाही."

"नाही म्हणाले," मी म्हटलं.

तिनं हात पुढं केला आणि माझ्या मांडीवरचं पुस्तक मिटवलं.