पगारी खेळाडूंचा पहिला संघ

मोसमातील पहिल्या सामन्याच्या दिवशी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात फिंडले मार्केटहून मिरवणूक निघते, आणि आमच्या शेजारचे आजोबा रेड्स या शहराच्या बेसबॉल संघाची लाल टोपी घालून हमखास सांगतात की जगातला पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ आमचाच. त्यांचे म्हणणे जवळपास खरे आहे.

तो पहिला संघ म्हणजे सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, आणि तो बांधणारा हॅरी राईट मुळात क्रिकेटपटू होता. त्याचा जन्म इंग्लंडमधील शेफिल्डचा, वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू. आणि १८६५ मध्ये सिनसिनाटीच्या युनियन क्रिकेट क्लबने वर्षाला १२०० डॉलर देऊन त्याला आणले तेही क्रिकेटसाठीच. तेव्हा बेसबॉल हौशी मंडळींचा खेळ मानला जाई आणि खेळाचे पैसे घेणे नियमात बसत नसे, त्यामुळे चांगल्या खेळाडूला कुठेतरी नावापुरती नोकरी देऊन मागच्या दाराने पगार पोचवला जाई. १८६९ च्या मोसमासाठी ही बंदी उठल्यावर राईटने दहाच्या दहा खेळाडू उघडपणे पगारावर घेतले. सर्वाधिक १४०० डॉलर त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज याला मिळत, आणि दहांपैकी सिनसिनाटीचा होता एकटा चार्ली गूल्ड! मुंबईच्या आयपीएल संघात मुंबईकर किती, असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

गुडघ्यापर्यंतची विजार आणि खाली लाल मोजे, म्हणून नाव रेड स्टॉकिंग्ज. चेंडू खांद्याखालून टाकला जाई आणि क्षेत्ररक्षक तो उघड्या हातांनी झेलत. मे महिन्यात पूर्ण झालेल्या नव्या रेल्वेमार्गाने हा संघ सप्टेंबरमध्ये थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळला. त्या वर्षी ५७ विजय, पराभव एकही नाही.

१४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाने अकराव्या डावात त्यांना ८-७ असे हरवले. त्यानंतर गर्दी ओसरली, खर्च डोईजड झाला आणि वर्षअखेरीस क्लबने पगारी संघ ठेवण्याचे बंद केले. राईट काही खेळाडूंसह बोस्टनला गेला आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही बरोबर घेऊन गेला. तोच बोस्टनचा क्लब आज अटलांटा ब्रेव्हज म्हणून खेळतो. सध्याचे रेड्स १८८२ पासून खेळू लागलेल्या वेगळ्या क्लबचे वारस आहेत.

हे सगळे मी आजोबांना सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “पण मोजे आमच्या गावात शिवले होते ना?”