पेटीला गेटपास नव्हता

रेडिओवर आयुष्यभर बोललेल्या माणसाचा आवाज रेडिओकडेच नसतो, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. गायकाचं गाणं ध्वनिमुद्रित होतं, वक्त्याचं भाषण होतं, श्रुतिका होते. निवेदक मात्र बूथमध्ये बसून थेट बोलतो, फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढतो आणि त्याचं वाक्य हवेत जातं ते जातंच. आमच्या पणजी आकाशवाणीचे जुने निवेदक भाई पहाटे वारले. त्याच संध्याकाळी त्यांच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. टेप लायब्ररीच्या रजिस्टरवरून बोट फिरवताना पोटात गोळा आला. भजनं होती, नाट्यपदं होती, कोकणी भावगीतं होती, पेडण्यापासून काणकोणापर्यंतची मंडळं होती. भाईंनी ज्यांना ज्यांना माइकसमोर बसवलं ते सगळे होते. भाई नव्हते.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि गोव्यात ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना ते सांगावंही लागणार नाही.

भाई म्हार्दोळच्या बाजूचे. देवळातल्या भजनात पेटी वाजवत मोठे झाले. रेडिओचं वेड मात्र दुसरीकडून लागलं. १९५५ च्या नोव्हेंबरपासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या रानातून मुक्तिलढ्याचं गुप्त केंद्र चालवत होते, आधी आंबोलीकडून, मग कॅसलरॉकहून. पोर्तुगीज अमदानीत ते ऐकणं जोखमीचं होतं. भाई तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. वाड्यावरच्या दुकानदाराकडे सेट होता. तो दार लावून घ्यायचा, आवाज इतका बारीक ठेवायचा की पोरं सेटला कान लावून बसायची. भाई म्हणत, बातमी अर्धीच कळायची, पण बोलणारा मध्ये श्वास घ्यायचा तो स्पष्ट ऐकू यायचा. पुढे १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि जानेवारी १९६२ मध्ये पणजीहून आकाशवाणी बोलू लागली. भाईंना तिथेच जायचं होतं. पेटी घेऊन.

पण आकाशवाणीवर पेटीला बंदी होती! १९४० पासून. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती मान हलवून हसतात. कारण शास्त्रीय होतं, किंवा तसं सांगितलं जायचं: पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या श्रुती तिला गवसत नाहीत. म्हणून गाण्याला सारंगी. दिल्लीत हे ठीक असेल, पण गोव्यात? इथं भजन म्हणजे पेटी, नाटक म्हणजे पेटी, सप्ताह म्हणजे रात्रभर पेटी. सारंगीवाला आणायचा कुठून? १९७१ नंतर ती बंदी सैल होत गेली, तीही आधी साथीपुरती. भाई १९६० च्या दशकाच्या शेवटी रुजू झाले ते निवेदक म्हणून. "पेटीला गेटपास नव्हता, मला होता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते हसत म्हणायचे. मला कधी ते पूर्ण हसू वाटलं नाही.

मी कॅज्युअल उद्घोषक म्हणून लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. माझ्या पहिल्या स्क्रिप्टवर त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि 'सुप्रसिद्ध', 'लोकप्रिय', 'सुमधुर' हे तिन्ही शब्द उडवले. "बाय, गाणं सुमधुर आहे की नाही ते ऐकणारी बाई ठरवील. तू फक्त कोण गातंय ते सांग, सवकास सांग." फर्माइशीच्या पत्रांवरची गावांची नावं ते आधी वाचून घ्यायचे, शंका आली तर शिपायाला विचारायचे, कारण शिपाई सांग्याचा होता आणि त्याला सगळे वाडे ठाऊक होते. मराठी जास्त झाली म्हणून तक्रारीची पत्रं यायची, कोकणी जास्त झाली म्हणूनही यायची. दोन्ही गठ्ठे सारख्या जाडीचे दिसले की त्या महिन्यात भाई खूश.

तर आवाज शोधायचा होता. आमच्या इंजिनिअरनं डोकं चालवलं. ध्वनिमुद्रणाच्या आधी आवाजाची लेव्हल घेतात, तेव्हा स्टुडिओतली बडबड टेपवर येतेच. पण ती बडबड ब्लेडनं कापून पांढरी कोरी लीडर टेप चिकटवायची रीत आहे, आणि भाईंच्या काळातले लोक ब्लेडच्या कामात फार नेटके. स्पूलमागून स्पूल लावला. पांढरी टेप, मग थेट तंबोरा.

दुपारच्या सभेत, म्हणजे प्रसारणात, निधनाची बातमी वाचली आणि ड्यूटी रूमचा फोन थांबेना. त्याच गडबडीत इंजिनिअरला आठवलं, देवळात जाऊन केलेली मुद्रणं कापायला कुणाला वेळ नसायचा. सुंवारी म्हणजे देवळातलं घुमटवादन, तसल्या एका सुंवारीच्या स्पूलच्या खोक्यावर पेन्सिलनं फक्त देवळाचं नाव होतं. जुन्या टेपचा थर सुटतो, हेडवर तपकिरी भुकटी साचते, म्हणून आम्ही स्पिरिटच्या कापसानं हेड पुसून घेतलं आणि पहिल्याच फेरीला संगणकावर घ्यायचं ठरवलं. दुसरी फेरी टेप देईल याचा भरवसा नव्हता. आधी माणसांची कुजबुज, मग एक घंटा, मग भाई.

"शामेळाचो आवाज येना. कासाळें मातशें फाटीं व्हर. घुमटाच्या तोंडार माइक नाका, कुशीक दवर."

शामेळ हा छोटा ढोल ऐकू येत नाही, कासाळें म्हणजे झांजा जरा मागे ने, घुमटाच्या तोंडावर माइक नको, बाजूला ठेव. हे त्यांचं खरं काम. घुमट म्हणजे मातीचं मडक्यासारखं वाद्य, ते एका तोंडाला चामड्यानं मढवलेलं असतं आणि मागचं छोटं तोंड वादक डाव्या तळव्यानं झाकतो-उघडतो. त्या उघड्या तोंडातून वारा सुटतो. माइक समोर धरला तर मुद्रणात नुसता धप्पा येतो, बोल येत नाही. कुशीला ठेवला की चामडंही ऐकू येतं आणि तळव्याची उघडझापही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, भाईंनी देवळांच्या मंडपांत कान लावून शिकलेलं. टेप बहुधा घोरपडीच्या चामड्याच्या काळातली, असं इंजिनिअरचं म्हणणं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, आता घुमटाला बकऱ्याचं चामडं लावतात, आणि २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. नाद बदलला की नाही यावर दोन घुमटवाले एकत्र आले की तीन मतं निघतात, त्यात मी पडत नाही.

टेपवर शेवटी कुणीतरी घाई करत असावा. भाईंचा आवाज जवळ येतो: "सवकास रे बाबांनो, देव खंयच वचना." देव कुठेही जात नाही. आणि सुंवारी सुरू.

इंजिनिअरनं मशीन थांबवलं आणि चहा आणायला निघून गेला. त्याला चहा नको होता हे मला माहीत आहे, तो दुपारनंतर चहा पीतच नाही.

आवाज मिळाला, पेटी राहिली. तेवढ्यात वाळपईहून एका भजनी मंडळाच्या बुवांचा फोन. भाई त्यांच्या सप्ताहाला दरवर्षी पेटीला बसायचे, एक कॅसेट आहे, पाठवू का? मी म्हटलं, कशी? म्हणाले, अडीचच्या पणजी बसच्या कंडक्टरकडे देतो, तुम्ही स्टँडवर उभ्या राहा. राहिले. कंडक्टरनं कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि पैसे घेतले नाहीत. कॅसेटमध्ये काय आहे हे त्याला कळलं होतं.

कॅसेटवर आधी गलका आहे. लोक ओरडतायत, "भाई, रेडिओसारखें सांगा!" मग भाई घसा साफ करतात आणि अगदी स्टुडिओतल्या सुरात सुरू होतात: आता ऐका अभंग, गाणार अमुक, पखवाज अमुक, झांजा अमुक. नावं एकेक, मध्ये बरोबर एका श्वासाची जागा. निवेदकानं स्वतःचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. पखवाजानंतर क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "पेटी घरचीच आहे." हशा. मग जी पेटी वाजते ती मी यापूर्वी कधी ऐकली नव्हती. नोकरीतली पहिली वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि त्यांचा हात ऐकला तो असा, वाळपईच्या कॅसेटवर. गाणाऱ्याच्या पाठोपाठ जात नाहीत; तो जिथे अडखळणार आहे तिथे आधीच सूर धरून बसलेले असतात.

म्हार्दोळला अंत्यविधी चारला झाला. ड्यूटी असल्यानं जाता आलं नाही. रेडिओवाल्यांचं असंच असतं, आपल्याच माणसाच्या दिवशी आपण बूथमध्ये.

कार्यक्रम लागला. मी 'ज्येष्ठ' म्हटलं नाही, 'लोकप्रिय' म्हटलं नाही. कोण होते, कुठले होते, पेटीला गेटपास नव्हता ते सांगितलं आणि सुंवारीआधीचं त्यांचं बोलणं जसंच्या तसं लावलं, घंटेसकट. मग वाळपईची पेटी. शेवटची भैरवी वेळेअभावी मध्येच फेड करावी लागली, मागून बातम्या उभ्या होत्या.

बातम्या संपायच्या आत फोन. वाळपईचे बुवा. मला वाटलं, भरून आलं असेल.

"बाय, भैरवी कापलीत."

"बुवा, बातम्या होत्या."

"भाई असते तर बातम्या थांबल्या असत्या."

हे खोटं आहे. भाई असते तर भैरवी त्यांनी माझ्यापेक्षाही आधी फेड केली असती, बातम्यांच्या वेळेबाबत ते कुणाचंही ऐकायचे नाहीत. पण त्या वेळी बुवांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"बरं, ती कॅसेट उद्याच्या पहिल्या बसला घाला," ते म्हणाले. "दुसऱ्या बाजूला आमच्या नव्या चाली आहेत, भजन स्पर्धा तोंडावर आलीय. आणि ती बाजू तुम्ही ऐकू नका. पणजीत बातमी फुटते."